सारख्या झिजलेल्या टाचा

दोन्ही टाचा सारख्याच झिजल्या होत्या. खिळेमामांनी डावा बूट उजेडात धरला, मग उजवा, मग पुन्हा डावा. बुटांच्या दुरुस्तीत त्यांची तीस वर्षं गेली होती. गावातल्या निम्म्या रग्बी खेळाडूंच्या बुटांना खिळे त्यांनीच बसवलेले, म्हणून हे नाव पडलं. डावा गुडघा गेलेला माणूस सगळा भार उजव्या पायावर टाकतो आणि त्याची उजवी टाच आधी जाते, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

आणि हे बूट तोफेचे होते.

तोफ म्हणजे त्यांच्या संघाचा आधार. तो चेंडू घेऊन धावत सुटला की समोरचे तिघे लोळण घ्यायचे. गेल्या मोसमात त्याचा डावा गुडघा फाटला, शस्त्रक्रिया झाली, लोकांनी आठ महिने कळ काढली. परतायला जेमतेम दोन आठवडे उरले आणि क्लबने तीन ओळींचं पत्रक काढलं. सरावात तोच गुडघा पुन्हा दुखावला, हा मोसम खेळणार नाही. ना डॉक्टरचं नाव, ना एखादा फोटो. तोफ स्वतः अवाक्षर बोलला नाही. फोन बायको उचलायची आणि ‘झोपलाय’ म्हणून ठेवून द्यायची.

मामांच्या दुकानातल्या बाकावर रोज जमणाऱ्या मंडळींना तेव्हाच कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटलं होतं. बेकरीवाल्याच्या मेहुण्याने तोफेला नदीकाठी भरभर चालताना पाहिलं होतं. बसच्या कंडक्टरने तर चौकात त्याला हाक मारली. त्याने वळून बघितलं आणि ओळख न देता पुढे निघून गेला. बेकरीवाल्याचं म्हणणं असं, की पलीकडच्या गावच्या क्लबशी त्याचं सूत जमलंय. यंदा घरी बसायचं, करार संपला की उडी मारायची.

मामा इतके दिवस त्याची बाजू घेत होते. तोफ चौदा वर्षांचा असल्यापासून त्यांच्याकडे यायचा, रस्त्याच्या पलीकडूनच ‘ए मामा’ म्हणून ओरडायचा. पण आज सकाळी त्याची बायको हे बूट टाकून गेली. मान वर न करता म्हणाली, दुपारपर्यंत झाले तर बरं. आता मामांच्याही मनात काळंबेरं आलं. त्यांनी तळवे बाकावरच्या मंडळींना दाखवले.

मग काय, आगीत तेलच पडलं. मैदानावर तोफेच्या चेहऱ्याचं वीस फुटी कापड लागायचं. त्यावर ‘गद्दार’ लिहायचं आणि रविवारी ते उलटं टांगायचं असं ठरलं. मामांनी एवढंच सांगितलं, की आधी मी तोंडावर विचारतो.

दार तोफेनेच उघडलं. हातात काठी नाही, पायाला पट्टा नाही. तो ताठ चालत आत गेला आणि खुर्ची पुढे ओढून म्हणाला, “बसा ना. पाणी आणू?”

बसा ना! मामांच्या अंगाचा तिळपापड झाला. पकडला गेला, म्हणून आता अहो-जाहो. शिवण तेवढी घालून आणलेले बूट त्यांनी टेबलावर पालथे ठेवले.

“पाय ठणठणीत आहे तुझा. लोकांना कशाला फसवतोस?”

तोफेने एक बूट उचलला, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि ओशाळं हसला.

“काम छान केलंय,” तो म्हणाला. “कोणाचे आहेत हे?”

मामा त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. थट्टा असती तर डोळ्यांत कुठेतरी दिसली असती.

तेवढ्यात बायको ओल्या हातांनी आतून आली. तिने मामांना जिन्यात नेलं आणि दार ओढून घेतलं. गुडघा केव्हाच बरा झाला होता, ती म्हणाली. सरावात डोक्याला मार बसला. याआधीही तीन वेळा बसला होता, तेव्हा कोणी मनावर घेतलं नाही. आता सकाळी सरावाला जातो म्हणून निघतो, मैदान तर लांबच, घरही सापडत नाही. ती गल्लोगल्ली शोधत फिरते. एवढे तळवे झिजले ते त्यामुळेच.

“मग गुडघ्याचं खोटं कशाला?” मामांनी विचारलं.

“त्यानेच सांगितलं, एका चांगल्या दिवशी. म्हणाला, गुडघा गेला म्हटलं तर लोक शिव्या देतील, ते चालेल. डोकं गेलं म्हटलं तर कीव करतील. रस्त्यात माझ्याशी तान्ह्या पोरासारखं बोलतील.” तिने पदराला हात पुसले. “डॉक्टर म्हणतात, सुधारेलही. बघू.”

मामा दुकानात परतले तेव्हा मंडळी वाटच बघत होती. कापड जमिनीवर पसरलं होतं. बेकरीवाल्याने रंगाचा डबा उघडून ठेवला होता.

“काय मामा, सापडला ना चोर?”

मामा बाकावर टेकले. बूट त्याच्या भावाचे निघाले, ते म्हणाले, माझंच चुकलं. कंडक्टर म्हणाला, मामा, आता चष्मा बदला. सगळे हसले. मामांनी मान डोलावली.

“आणि नदीकाठी भरभर चालत होता ते?” बेकरीवाल्याने ब्रश काही खाली ठेवला नाही.

“निघताना बरा चालतो रे. लांब गेला की गुडघा धरतो आणि मग घर गाठता येत नाही,” मामा म्हणाले. “रस्त्यात दिसला तर खुशाल शिव्या घाला त्याला. फक्त शिव्या घालत घालत दारापर्यंत सोबत जा.”