खोडरबर

पालकसभेसाठी शाळेत आलेल्या तात्यांनी खिशातला खोडरबर नातीपुढे ठेवला. "बाबा यायच्या आत हे पान पुसून टाक."

रेवाच्या नव्या शाळेचा अभ्यासक्रम जगभर मान्यता असलेला. तिथे पालकसभेत बाई गप्प बसत आणि मुलंच आपली वही आईबापांना समजावून सांगत. रेवाच्या वहीत पेन्सिलीनं ठळक लिहिलं होतं, 'भरतीमुळे विहिरीचं पाणी खारट होतं, हा माझा अंदाज चुकला.' आयुष्यभर मास्तरकी केलेल्या तात्यांना धास्ती वाटली. हे वाचलं की मुलगा नातीला जुन्या शाळेत परत धाडणार.

"नाही पुसणार," रेवा म्हणाली. "महिनाभर भरती-ओहोटीला पाणी चाखलं, तेव्हा कुठे चूक सापडली. माझी आहे ती."

बाबा आले. "कितवा नंबर?"

"इथे नंबर नसतो. चूक दाखवते." तिनं तेच पान उघडलं.

"कुणी शोधली? बाईंनी?"

"मीच."

बाबा ते पान पुन्हा वाचत राहिले. मग तात्यांकडे वळले. "अशा चुकीला तुम्ही माझ्या हातावर पट्टी मारायचात."

तात्यांनी खोडरबर उचलून मुठीत लपवला. रेवानं खुर्ची पुढे सरकवली.

"बसा तात्या. अजून दोन चुका आहेत."