खालच्या गल्लीतलं भजन

पेडगावात एकादशीला दोन भजनं व्हायची. वरच्या गल्लीत गोविंदरावांचं, खालच्या गल्लीत सटवाजीचं. गोविंदरावांकडे पितळी टाळ, अंथरायला सतरंज्या, वर प्रसादाला साखर-खोबरं. तरी सगळं गाव सटवाजीच्या जुन्या पखवाजापुढं. एका सकाळी खुद्द गोविंदरावांची बायको कमलबाई चुलीपाशी सटवाजीच्या चालीत अभंग गुणगुणताना दिसली. गोविंदराव तसेच उठले आणि निजामाच्या पोलीस ठाण्यात अमीनाकडं, म्हणजे फौजदाराकडं, गेले.

"अमीनसाहेब, खालच्या गल्लीत बिगर इजाजतीचं भजन चालायलंय."

त्याच दिवशी सटवाजीचा पखवाज ठाण्यात जमा झाला.

पुढच्या एकादशीला दुसरीकडं जायला जागाच नव्हती, म्हणून गाव गोविंदरावांच्या ओट्यावर आलं. सटवाजीही आला आणि मागं बसला. गोविंदरावांनी डोळे मिटून सूर लावला. डोळे उघडले तर माना डोलत होत्या, पण सटवाजी मांडीवर बोटांनी धरत होता त्या ठेक्यावर. याचे हातही जमा करायला पायजे होते, त्यांच्या मनात आलं.

तेवढ्यात अमीनसाहेब ओट्याशी येऊन उभे राहिले.

"टाळ आणा इकडं. इजाजत हाय का?"

"साहेब, मला कशाला अडवता? तक्रार तर मीच केली होती!" भरल्या ओट्यावर गोविंदराव बोलून गेले.

"तक्रारीला इजाजत लागत न्हाई," टाळ गोळा करत अमीनसाहेब म्हणाले. "भजनाला लागती."