मागच्या सीटवरचा माणूस

तिने वळून पाहिलं, तर मागे बसलेला गाइड पुन्हा तिच्या कमरेकडेच बघत होता. मृणालने लाइफ जॅकेट खाली ओढलं. दोघांच्या कयाकमध्ये अनोळखी माणसाबरोबर बसणं तिला सकाळपासूनच पटलं नव्हतं. पण नवऱ्याची हौस! आता तो पुढच्या वळणावर दोन वर्षांच्या शर्वीला घेऊन उभा होता. पोहता येत नाही म्हणून तिने गुपचूप ओढणीने स्वतःला सीटला बांधून घेतलं होतं. लेकीसाठी एवढं तर करायलाच हवं.

"ताई, जॅकेटखाली काय बांधलंय?"

"तुम्ही पाण्याकडे बघा हो!"

धरणातून सोडलेलं पाणी समोरच्या खडकांवर आदळून उसळत होतं. तेवढ्यात त्याने वल्हं टाकलं आणि तिचं जॅकेट वर सारलं. दुसऱ्या हातात सुरी होती. ती किंचाळली. त्याने ओढणी कापली, आणि पुढच्याच लाटेने कयाक उलटली.

नाकातोंडात पाणी गेलं. मग जॅकेटने तिला वर उचललं, आणि गाइडने खांद्याला धरून काठाला ओढत आणलं.

"अंगाला हात लावला, माफ करा ताई," तो धापा टाकत म्हणाला. "सांगत बसायला वेळच नव्हता."

तेवढ्यात नवरा शर्वीला कडेवर घेऊन वळणावरून धावत आला. शर्वीला छातीशी घट्ट धरून ती नदीकडे बघत राहिली. काठावरचे चौघेजण दोर लावून ओढत होते, तरी खडकाखाली गेलेली कयाक अजून वर आली नव्हती.