मदरचं ताट

पंचावन्न साली सिस्टर रेजिनाची आई वारल्याचा निरोप बेळगावहून बंगळूरच्या कॉन्व्हेंटमध्ये आला. प्रमुख मदर युलालिया तिला म्हणाल्या, "जग सोडून आलीस ना तू? मग मयताला कशाला जायचं?"

रेजिनाला जाता आलं नाही. जेवताना सगळ्यांनी गप्प राहायचं आणि एकीनं संतांची चरित्रं मोठ्यानं वाचायची, अशी तिथली रीत. ते वाचन तिनं मागून घेतलं.

मदरनी तळलेला मासा वाढून घेतला, की ती उकळत्या तेलात टाकलेल्या हुतात्म्याचं पान काढायची. मटण असलं, की जिवंत सोललेल्या मिशनऱ्याचं. सावकाश वाचायची, एकही जखम न गाळता. संतचरित्र मध्येच थांबवणार कोण? मदर ताट सरकवायच्या. वर्षभरात त्यांचा झगा अंगावर लोंबू लागला. "अजून वाळ," रेजिना मनात म्हणायची.

पुढे मदर वारल्या. उपवास करून देह झिजवणारी संत म्हणून त्यांच्या दर्शनाला अख्खं कॅन्टोन्मेंट लोटलं. बिशपांनी त्यांचं चरित्रच छापून घेतलं, जेवताना वाचायला.

रेजिना उभी राहिली आणि पहिलं वाक्य तिनं मोठ्यानं वाचलं, "मदर म्हणजे आम्हा सगळ्यांची आईच."