चहावरची साय
आमचे हे रेडिओ दुरुस्त करतात. रेडिओ उघडला की आधी फुंकर मारायची, धूळ उडाली की अर्धं काम झालं, हा त्यांचा खाक्या. चहावरची सायसुद्धा एका फुंकरीत काठाला लावतात. आठवडाभर त्यांना ताप होता, मांड्या आणि कंबर ठणकत होती. सर्दीचं नाव नाही. “अगं, वयाची कुरकुर ही,” म्हणाले. सकाळी चहा दिला. त्यांनी फुंकर मारली, साय हललीच नाही. दुसऱ्या फुंकरीला धाप लागली. “अहो, मागे एका रेडिओत उंदराचं घरटं निघालेलं. तेही फुंकूनच काढलंत?” त्यांनी मान डोलावली. दवाखान्यात मी डॉक्टरांना तापाच्याही आधी उंदराचं सांगितलं. तपासण्या झाल्यावर डॉक्टर म्हणाले, “उंदराच्या लेंड्यांच्या धुळीतून विषाणू फुप्फुसात गेलाय. वेळेवर आणलंत.” बरे होऊन घरी परतल्यावर पहिला चहा दिला. त्यांनी ओठ पुढे केले. साय काठाला लागली, तेव्हा कुठे मी श्वास सोडला.