उन्हात न विटणारी लादी

अंजूरच्या आमच्या घराला पूर्वेच्या अंगाला नवं स्वयंपाकघर वाढवलं. खिडकीसमोरच आमचं शेत, त्यामुळे सकाळचं ऊन थेट चुलीपाशी येतं. लग्न झालं त्याच वर्षी सासूबाईंनी मला याच शेतात भाताची लावणी शिकवली. आजूबाजूला सगळी गोदामं उठली. सातबारा मुलाच्या, कुणालच्या, नावावर केला तेव्हाच मी त्याला बजावलं होतं, "मी हाय तवर हा तुकडा विकायचा न्हाय." त्यानं मान डोलावली होती.

परवा लादी निवडायला तो मला भिवंडीच्या दुकानात घेऊन गेला. मला निळ्या फुलांची लादी आवडली. दुकानदार म्हणाला, "मौसी, ये धूप में फीकी पड जाएगी. वो ग्रे वाली लो, पच्चीस साल कुछ नहीं होगा."

मन मारून मी करड्या लादीला हो म्हणाले.

"आये, निळी आवडली ना तुला? मग तीच घे," कुणाल म्हणाला.

"आरं, पन उन्हाचं काय?"

तो माझ्याकडे न बघता लादीवरची धूळ पुसत राहिला.



"ऊन दिवाळीपर्यंतच येनार, आये. मग समोर गोदामाची भिंत हाय."