बर्फी की पेढा

सातव्या महिन्यात सासूबाईंनी हॉस्पिटलातच डोहाळजेवण केलं. फुलांचे दागिने मात्र काचेच्या गर्भपेटीला घातले. सुनीती शेजारी स्टुलावर बसली होती. सुरुवातीला गर्भ तिच्या यकृताला चिकटून वाढत होता. पेटीच्याच बारीक यंत्रहाताने बेंबीतून आत शिरून तो अलगद सोडवला आणि पेटीत रुजवला होता, म्हणून दोघं वाचली.

बर्फी-पेढ्याच्या झाकलेल्या वाट्या पुढे आल्या. सुनीतीने हात पुढे केला.

"तू नको गं," सासूबाई थट्टेने म्हणाल्या. "जिच्या पोटात आहे, तिला उचलू दे."

बायका हसल्या. तेवढ्यात यंत्रहात बाहेर आला आणि त्याने एका वाटीवरचं झाकण काढलं. त्याला हे कुणीच शिकवलं नव्हतं.

घाबरून सुनीतीने पेटीची कड घट्ट धरली. यंत्रहाताने तिचं एकेक बोट सोडवलं, गर्भ सोडवला होता तितक्याच अलगद.